तळ्याचं विरजण

बाबा,

उद्या दसरा. तुमचा गणपतीच्या मातीचा पहिला गोळा मळायचा दिवस. दरवर्षी या सकाळी मी कारखान्यात तुमच्या फोटोला हार घालायचे, मनातल्या मनात दोन शब्द बोलायचे आणि बाह्या सरसावून कामाला लागायचे. यंदा कारखानाच नाही. फोटो इथे फ्लॅटमध्ये फ्रिजवर ठेवलाय, कारण भिंतीत खिळा मारायला सोसायटीचा माणूस बोलवावा लागतो आणि तो आज येतो, उद्या येतो करतोय. फ्रिज सुरू झाला की तुम्ही थरथरता. अशा माणसाशी मनात बोलणं जमेना, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. लिहायला मी पेण सोडून गेले कुठे होते?

तुम्ही आता आलात तर तळं ओळखणार नाही. चारी बाजूंनी काठ दगड-सिमेंटचा झालाय, सरळ उभा, पट्टीनं आखल्यासारखा. वरून चालायला गुळगुळीत फरशी, बसायला बाकडी, संध्याकाळी रंग बदलणारं कारंजं, आणि जिथे म्हशी उतरायच्या तिथे गावाचं नाव मोठ्या अक्षरांत, मध्ये लाल बदाम. पोरंपोरी त्याच्याशी टेकून फोटो काढतात. मी खोटं बोलणार नाही. तळ्याला आधी वास यायचा, पिशव्या तरंगायच्या, डास तर विचारू नका. मीच दहा जणांना म्हटलं असेन की कोणीतरी याचं काहीतरी करा. केलं. आपला कारखाना, शेजारची बांगडीवाली, सायकलवाला, फुटाण्यांची भट्टी, अख्खी रांग उठवली आणि तिथे तयार हिरवळ आणून अंथरली. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही अशी पाटीही आहे. जिथे मी लहानपणापासून चिखलात उभी राहिले, तिथे आता मला पाय ठेवायचा नाही.

आम्हा रांगेतल्या सगळ्यांना मागच्या नव्या संकुलात गाळे मिळाले. माझा दुसऱ्या मजल्यावर. नकाशा दाखवणारा साहेब पोरसवदा होता, बोलायला गोड. मी म्हटलं, "साहेब, ओल्या मातीची पोती वर न्यायची आणि गणपती खाली आणायचे, कसं व्हायचं?" तर म्हणाला, "मावशी, लिफ्ट आहे ना." मी विचारलं, "आणि वीज गेली तर देव मध्येच लटकणार का?" सगळे हसले. साहेबही हसला, मीही हसले. त्या हसण्यातच माझी सही होऊन गेली. जोहे गावचा मावसभाऊ म्हणाला होता, "इकडं ये, शेताच्या कडंला शेड उभी करू. हितं सगळे आपलेच कारखाने हायत." मी नाही म्हटलं. तुम्ही तळं सोडून कुठे गेला नाहीत, मग मी कशी जाणार, असं वाटलं. आता वाटतं, तो हट्ट कुणासाठी केला?

तुम्हाला ठाऊक आहे मी कशाकडे वळतेय. शाडू कुठून कुठून पोत्यांनी यायची, आजही येते, पण पहिला गोळा नुसत्या शाडूचा कधीच नसायचा. विसर्जनाचा दिवस मला अजून दिसतो. तुम्ही छातीभर पाण्यात उभे आहात, डोक्याचा टॉवेल भिजलाय, मूर्ती सोडून झाली आहे. मग तुम्ही बुडी मारता. आम्ही काठावर श्वास धरून आहोत. वर येता ते ओंजळीत काळीभोर माती घेऊन, आणि ती रिकाम्या पाटावर ठेवता. सगळीच माणसं ठेवायची. देव गेला तरी पाट रिकामा घरी न्यायचा नाही, म्हणून तळ्यातली मूठभर माती घेऊन परतायची, घरभर शिंपडायची. आपल्या पाटावरची मात्र शिंपडायची नाही. ती ओल्या फडक्यात, मडक्यात, दसऱ्यापर्यंत. मग पहिल्या गोळ्यात मळायची. तुम्ही तिला विरजण म्हणायचात. आई चिडवायची, "आता मातीचं दही लावा." तुम्ही म्हणायचात, "लावतोच हाय. गेल्या सालचा गनपती या सालच्या गनपतीत नको यायला?"

आणि तुमचा नियम असा, की मडक्यात कण उरवायचा नाही. मी एकदा बोटभर मागे ठेवली, असू दे म्हणून, तर तुम्ही मडकं माझ्यासमोर पालथं केलंत. "उरवायचं नाय. तळं परत देतं. आपन ठेवून घ्यायला लागलो म्हंजे आपला त्याच्यावर इश्वास नाय." मी तो नियम पाळला, बाबा. तुमच्यामागे इतकी वर्षं पाळला. गेल्या दसऱ्यालाही मडकं धुवून घेतल्यासारखं निपटून काढलं आणि सगळं पहिल्या गोळ्यात घातलं. तेव्हा तळ्याचं पाणी अजून मातीच्या काठाला लागत होतं. उन्हाळ्यात तळं उपसलं. गाळाचे डंपर आपल्या दारावरून गेले. एक घमेलं मागितलं असतं तर ड्रायव्हरनं हसत दिलं असतं. पण उपसलेला गाळ म्हणजे विरजण नव्हे. देव पोचवल्यावर त्याच्या पाटावर येतं ते विरजण. भाद्रपदात येईलच की, असं म्हणत मी मूर्तींचे कान लावत बसले. आणि भाद्रपदात तळ्याला लोखंडी कठडा होता, फाटकाला कुलूप होतं, आणि बाहेर मांडवात निळ्या प्लास्टिकचा हौद. कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली सिमेंटचा तळ दिसत होता. मी आपला गणपती हौदात सोडला. पाट रिकामा घरी आणला. तुमच्यावर इतकी चिडले, की फोटोकडे बघितलं नाही दोन दिवस. एक चिमूट मागे ठेवायला का नाही शिकवलंत? इतका कसला विश्वास होता तुमचा? तळं कुणाच्या बापाचं नसतं हे तुम्हाला कळत नव्हतं का?

मग शेड पाडायची तारीख आली आणि मी माळा रिकामा करायला घेतला. वर गिऱ्हाइकांचे पाट होते. पूर्वी लोक श्रावणात पाट आणून द्यायचे, आपण त्यावर मूर्ती बसवायचो. पुढे माणसं फ्लॅटमध्ये गेली, टेबलं आली, पाट आपल्याकडेच राहिले. मी ते घरोघर परत करत सुटले. कुणी घेतले, कुणी दारातूनच म्हणाले, तुम्हीच ठेवा. बरेच बंबात गेले. शेवटी एकच उरला, जड सागवानी, खाली तुमच्या हाताचं गेरूचं स्वस्तिक. तो मास्तरांच्या घरचा. आठवतं ना, गल्लीच्या टोकाला राहायचे, जमीनजुमला होता तरी शाळेत शिकवायचे. मुलाला रोह्याला कंपनीत नोकरी लागली आणि सगळे तिथेच जवळ वरशाला राहायला गेले. मूर्ती अजून माझ्याकडूनच न्यायचे. पहिल्या गोळ्याची मूर्ती त्यांचीच, हा तुमचा शिरस्ताही मी मोडला नाही. पाट मात्र ते पेण सोडून गेले तेव्हापासून आपल्या माळ्यावर होता.

मी तो घेऊन एसटीत बसले. खिडकीजवळची जागा मिळाली, पाट मांडीवर उभा धरला. नागोठण्याच्या आसपास ऊन आत आलं आणि मला पाटाखालच्या पट्टीच्या सांध्यात काहीतरी काळं दिसलं. नखानं टोकरणार होते, तेवढ्यात कळलं. माती. वाळून दगड झालेली, सांध्यात बसलेली, चांगली सुपारीएवढी. मास्तर पेणला असतानाची, म्हणजे तुम्ही होता तेव्हाची. म्हातारपणी मास्तरांना पाण्यात उतरता येईना तेव्हा त्यांच्या पाटावर माती तुम्हीच काढून ठेवायचात. म्हणजे ती तुमच्या ओंजळीतली होती. बाबा, मी एसटीत रडले. शेजारच्या बाईला वाटलं माझं कुणी गेलं. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

तिथेच खरवडून रुमालात बांधली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मला माझा तो दिवस आठवला. मी शाळेत होते, तुम्हाला खूश करायचं म्हणून नळाखाली बसून गिऱ्हाइकांचे पाट काथ्यानं घासून लख्ख केले होते आणि उन्हात ओळीनं मांडले होते. तुम्ही आलात, बघितलंत, आणि मटकन खाली बसलात. "धुतलेस? कुनी सांगितलं गो तुला? पाट पुसायचा असतो. मानसं त्याच्यावर तळं घेऊन घरी जातात." मी हुंदके द्यायला लागले तसा तुमचा आवाज खाली आला. "आन् एक ध्यानात ठेव. दुसऱ्याच्या पाटावरची माती आपली नाय. इचारल्याबिगर नखभर पन घ्यायची नाय." संध्याकाळी तुमची बोटांनी झिजलेली लाकडी कोरणी माझ्या हातात ठेवलीत. त्या कोरणीनं मी आयुष्यभर पोट भरलं. म्हणून ठरवलं, आधी पाट द्यायचा, मग विचारून माती घ्यायची.

वरशाचं घर चौथ्या मजल्यावर. मास्तर गेले, त्यांची बायको आहे, पार वाकलेली. मला बघून म्हणाली, "काय गो, पाट घेऊन आलीस? एवढ्या लांब? तुझा बा असता तर त्यानं पन असाच आनला असता." सून हसतमुख, नवरा शिफ्टवरून येऊन झोपलेला म्हणून हळू बोलणारी. तिनं पाट माझ्या हातातून घेतला. "काकी, बसा. केवढी धूळ हाय याच्यावर." मी चपला काढत होते. मग पाणी आलं, चहा आला. म्हातारी सांगायला लागली, यंदा गच्चीवर हौद होता, गर्दी नाय, चिखल नाय, बरं झालं, पण देव गेल्यासारखं काय वाटलं नाय. मी हं हं करत मनात वाक्य जुळवत होते, की काकू, पाटाखाली जरा माती आहे, ती मला द्याल का. वेड्यासारखं वाटू नये असं कसं म्हणावं? आतून नळाचा आवाज येत होता. मला वाटलं बादली भरतेय.

सून बाहेर आली ती पाट दोन्ही हातांत धरून. भांड्यांच्या साबणाचा वास. घासणीनं सांधे न् सांधे घासले होते, स्वस्तिकही गेलं होतं. "बघा काकी, नवा झाला का नाय?" तिच्या तोंडावर काय होतं ते मला नीट ठाऊक आहे. उन्हात ओळीनं पाट मांडून मी तुमची वाट बघत होते तेव्हा माझ्या तोंडावर तेच होतं. तुमचे सगळे शब्द माझ्या घशापर्यंत आले. मी म्हटलं, "छान केलंस गो." म्हातारी म्हणाली, "हितं ठेवायचा कुठं, बेडखाली सुटकेशी हायत, पन असू दे, देवाचा हाय." मी चहा संपवला. बेसिनमध्ये हात धुवायला गेले तेव्हा बाथरूमचं दार उघडं होतं. फरशीवर काळपट ओघळ जाळीपर्यंत गेलेला, अजून ओला. मी दिवा बंद केला आणि दार ओढून घेतलं.

दोन दिवसांनी शेड पाडली. मी बघायला गेले नाही. परवा तोच मावसभाऊ फोनवर म्हणाला, दसऱ्याला गाळ्यात मुहूर्त करणार ना, आम्ही येतो. मी म्हटलं, करणार तर, या. शाडूची पोती वर नेऊन ठेवली आहेत म्हणून सांगितलं. नेलेली नाहीत. आणलेलीच नाहीत. उद्या तो संकुलाखाली उभा राहून हाका मारेल आणि मी काय सांगेन हे अजून ठरलेलं नाही. कोरणी मात्र आहे, फ्रिजवर तुमच्याजवळ.

हे पत्र टाकायचं म्हटलं तरी कुठे टाकणार? रांगेच्या कोपऱ्यावरची पोस्टाची लाल पेटीही रांगेबरोबर उचलली. घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवते, गाळ्याची किल्ली ठेवली आहे तिथेच. पण लिहिलंच आहे तर एक सांगून टाकते, इतर कुणाला सांगता येण्यासारखं नाही. वरशाला त्या दारात मी उभी होते, माती जाळीतून जाताना बघत होते. खाली बसून, हातानं पुसून, चिमूटभर तरी गोळा करता आली असती. मी उभीच राहिले. मला सुटल्यासारखं वाटलं, बाबा.