पेन्सिलवाल्या आजींचं कपाट

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण आठही अंगं मनापासून हजर आहेत असं समज.) डोळ्याचं ऑपरेशन छान झालं हे ताईकडून कळलं. तिसऱ्याच दिवशी तू औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचून डॉक्टरांनाच दोन प्रश्न विचारलेस म्हणे, तेव्हा प्रकृतीची आणखी चौकशी करत नाही. डॉक्टरांची करायला हवी. इकडे सगळं ठीक.

पत्राचं कारण आभार. गेल्या वर्षी तू लहान घरात राहायला गेलीस, तेव्हा रहस्यकथांचे सात खोके माझ्या दारात उतरवून म्हणालीस, "इंजिनियर बनवतेस ना पोरांना? मग त्यांना थोडी माणसंही वाचू देत." (मी इंजिनियर बनवत नाही, इंजिनियरिंग कॉलेजचं ग्रंथालय सांभाळते, हे वीस वर्षं सांगते आहे. असो.) खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तुझ्यावर मनातून चिडले होते. आमच्याकडे अठरा हजार पुस्तकं, पण त्यातलं एकही कुणी आपणहून, हसत हसत घरी नेलेलं मी पाहिलेलं नाही. परीक्षा आली की झुंबड, परीक्षा संपली की शुकशुकाट. तरी जिन्याखालच्या कोपऱ्यात एक कपाट रिकामं केलं, तुझी पुस्तकं लावली आणि वर पाटी लावली: उचला, वाचा, परत ठेवा. कार्ड नाही, नोंद नाही. हा सल्लाही तुझाच, की पोर आणि पुस्तक यांच्या मध्ये वही आणू नकोस. मावशी, नोंद न करता पुस्तक दाराबाहेर जाऊ देणं म्हणजे माझ्यासारखीला अनवाणी बाजारात जाण्यासारखं. पहिला आठवडा मी फक्त दाराकडे बघत काढला.

पुस्तकं गेली, आणि परत आली. (अभ्यासाची येतात त्यापेक्षा लवकर आली.) पण येताना एकटी आली नाहीत. निम्मी गोष्ट झाली की समासात पेन्सिलीने 'खुनी अमुक, पैज!' असं लिहून ठेवायची तुझी सवय तुला माहीत आहेच. (दहातले आठ अंदाज चुकतात, हेही माहीत असेल.) तर तुझ्या 'खुनी धाकटा दीर, पैज!' च्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पेन्सिलवाल्या आजी, दिराचा हात प्लास्टरमध्ये आहे, पान एकतीस बघा.' त्याखाली दुसरं अक्षर, 'प्लास्टर खोटं असू शकतं.' त्याखाली बांधकाम शाखेचं कुणीतरी, 'भिंत दीड फुटी आहे. किंकाळी ऐकू येणं अशक्य. साक्षीदार खोटारडा.' एक मुलगी पहिल्या वर्षाला आल्यापासून खिडकीजवळ एकटी बसून डबा खायची. ती एके दिवशी चौघांच्या घोळक्यात हात नाचवत सांगत होती की विष दुधात नव्हतंच, चमच्याला होतं. ग्रंथालयात शांतता राखण्याचा मला पगार मिळतो. त्या दिवशी मी तो घेतला नाही असं समज. मी गुपचूप आत गेले आणि दार लावून घेतलं.

आणि मग ग्रंथालय समितीची नोटीस आली. यंत्र विभागाच्या प्रमुखांना जिन्याखाली झेरॉक्स मशीन हवं होतं, म्हणून कपाटाचा उपयोग तपासायचा आणि नसेल तर पुस्तकं रद्दीत काढायची. खाली एक ओळ, 'पुस्तके सुस्थितीत सादर करावीत.' आता ग्रंथपालाच्या लेखी सुस्थिती म्हणजे काय? पानं सरळ, शिवण घट्ट, आणि आत कुणी काही लिहिलेलं नाही. वीस वर्षांच्या सवयीने मी खोडरबर काढलं. दोन दिवस मी आणि आमचे शिपाईमामा खोडत बसलो होतो. तुझे अंदाज, पोरांची भांडणं, दीड फुटी भिंत, सगळं साफ. मामा मधेच म्हणाले, "बाई, हे मिटवायचंच का?" मी म्हटलं, "नियम आहे, मामा." शेवटी टेबलभर खोडरबराचा चुरा आणि कोरी करकरीत पुस्तकं. मला आपला अभिमानच वाटत होता.

प्राचार्यांच्या खोलीत समिती बसली. यंत्रवाल्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, किती जणांनी वाचली? मी म्हटलं, नोंद ठेवत नाही. मग वाचली कशावरून? मी म्हटलं, पानापानावर मुलांनी लिहिलं होतं. दाखवा. मी म्हटलं, खोडलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे पुरावा होता, आणि तो तुम्ही स्वतः नष्ट केलात?" तुझ्या पुस्तकांत असं करणाऱ्याला शेवटून दुसऱ्या पानावर बेड्या पडतात. झेरॉक्स मशीन जवळजवळ जिन्याखाली येऊन बसलंच होतं.

तेवढ्यात प्राचार्य खाकरले. त्यांनी आपल्या टेबलाचा खण उघडला आणि एक पुस्तक बाहेर काढलं. तुझं. दोन महिने त्यांच्याकडेच होतं, म्हणून माझ्या खोडरबरातून वाचलं. मधलं पान उघडून त्यांनी समितीपुढे सरकवलं. वर तुझा अंदाज, त्याखाली अकरा वेगवेगळी अक्षरं, आणि सगळ्यात खाली हिरव्या शाईत, 'असहमत. माळ्याची चौकशी व्हावी.' पुढे आद्याक्षरं आणि तारीखही. मावशी, आमच्या कॉलेजात हिरवी शाई एकच माणूस वापरतो. मग यंत्रवाल्यांनीच विचारलं, "सर, माळीच का?" पुढची वीस मिनिटं समितीने जे काम केलं ते कार्यवृत्तात लिहिलेलं नाही. कपाट कायम ठेवायचं तोंडी ठरलं.

तेव्हा मनापासून आभार. खोक्यांचे, सल्ल्याचे, आणि चुकलेल्या प्रत्येक अंदाजाचे. तू बरोबर असतीस तर कुणी वाद घातला नसता. खोडरबर मी शिपाईमामांकडे जमा केलं आहे.

तुझी भाची

ता. क. प्राचार्यांचं ते पुस्तक दोन भागांचं निघालं. पहिला भाग दार उघडतं तिथेच संपतो आणि आत कोण उभं आहे ते कळत नाही. दुसरा भाग तुझ्याचकडे राहिला आहे. कपाट कायम ठेवण्याच्या कागदावर प्राचार्यांची सही अजून झालेली नाही. मी दोनदा विचारायला गेले, दोन्ही वेळा त्यांनी उलट विचारलं, "दुसरा भाग आला का?" महिनाअखेरीस मशीन येतंय. सही नसेल तर ते जिन्याखालीच बसणार. म्हणून दुसरा भाग लगेच कुरियरने पाठव.

ता. क. २. कॉलेजवर नको, घरच्या पत्त्यावर पाठव. पहिला भाग प्राचार्यांनी परत केला तो मी घरी आणला आणि काल संपवला. त्यांना पुस्तक दोन दिवस उशिरा मिळालं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. मात्र पार्सल समक्ष माझ्याच हातात द्यायला सांग. पहिला भाग ह्यांनीही वाचलाय, आणि निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर दाराशीच असतात. त्यांच्या हाती लागलं तर ते कपाटाच्या भल्याचा जराही विचार करणार नाहीत.