माघातली संकष्टी आणि तळ्यावरची पहिली पंगत

धनज,
माघ वद्य सप्तमी

तीर्थरूप प्रयागअक्कांच्या पायांवर ललिताचं डोकं.

इकडे देवाच्या दयेनं सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटली नुसती फडताळात ठेवली आहे? (मागच्या खेपेला आले तेव्हा ती गळ्यापर्यंत भरलेली होती. मी काही बोलले नाही.) भावजींचा खोकला गेला असेल. शिरपूरला सध्या यात्रेकरूंची गर्दी असेल, तेव्हा ओसरीवर चपला मोजून ठेवा.

फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन एक जण उचलतो आणि ऐकतं सगळं घर. ही गोष्ट फक्त तुमच्या डोळ्यांखालून जावी म्हणून कागद घेतला. तुमचे भाऊ दारात खाटेवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले आहेत. मी महिन्याचा हिशेब लिहिते आहे असं त्यांना वाटतं. वाटू द्या.

तर अक्का, मी तळ्यावरच्या हॉटेलात जेवून आले. कारंज्याच्या बाहेर तळ्याच्या अंगाला ते नवीन रिसॉर्ट झालं ना, तेच. नाव इंग्रजीत आहे आणि पाटीवर इतक्या वेलबुट्टीनं काढलं आहे की मॅट्रिकपर्यंतचं माझं इंग्रजी दुसऱ्या अक्षरातच गुंतलं. सगळे त्याला ‘तळ्यावरचं’च म्हणतात. आपला किशन तिथंच स्वयंपाकी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला तुम्ही आपल्या ओसरीवर बसून म्हणालात, “पोरगा लोकाइच्या ताटात वाढून राह्यला, अन् इंद्रभान, तू त्याच्या हातचं खाशील?” तुम्ही रागानं नाही, काळजीनं बोललात, हे मी जाणते. पण तुमच्या भावांनी ते असं धरून ठेवलं की तेव्हापासून किशनच्या हातचा घास नाही, त्याच्याशी शब्द नाही. सोमवारी ते हॉटेल बंद असतं म्हणून पोरगा घरी येतो, हौसेनं चुलीपाशी बसतो, आणि नेमकं सोमवारीच तुमच्या भावांना वावरात काम निघतं. डब्यात मुरमुरे घेऊन जातात. मी गणपतीला बोलले की बापानं पोराच्या हातचं खावं, तोवर मी संकष्ट्या धरीन. एकही सोडली नाही.

आता त्या हॉटेलाबद्दल सांगते, कारण मला त्याचं फार दिवसांचं कुतूहल होतं. एकाच आवारात तीन जेवणघरं आहेत, अक्का. काचेचं आहे ते सकाळचं, पाण्याकाठचं ते दुपारचं आणि गच्चीवरचं ते रात्रीचं. तिन्हींच्या दारावर उघडायच्या आणि मिटायच्या वेळांची पाटी. (आपल्या घरात मी एकटी ही तिन्ही आहे आणि माझ्या दारावर पाटी नाही.) दुपारी तीनला पाण्याकाठचं मिटलं की संध्याकाळी साडेसातला गच्ची उघडेपर्यंत चक्कर येऊन पडलात तरी कॉफीशिवाय काही मिळत नाही. ज्या वेळेला माणसाला खरी भूक लागते, चहा-भज्यांची, त्या वेळेला हॉटेल बंद, हे मला काही केल्या उमजेना. शेवटी किशनला विचारलं. तो म्हणाला, आई, त्याच वेळेत आम्ही मसाले वाटतो, भाज्या निवडतो, रस्सा आटवतो. म्हणजे बघा, हॉटेल बंद असतं तेव्हाच ते खरं चालू असतं.

आणि गच्चीवर पंगती असतात. ते लोक पंगत म्हणत नाहीत, पण आहे ती पंगतच. पहिली साडेसात ते साडेनऊ, दुसरी त्यानंतर. टेबल आधी फोन करून धरायचं. साडेनऊ झाले की पहिल्या पंगतीनं उठायचं, कारण दुसरी पंगत अकोल्याहून, अमरावतीहून गाड्या घेऊन खाली उभी असते. भंडाऱ्यात कसं, पाठीमागे माणूस उभा राहिला की आपण शेवटचा भात भराभर संपवतो, अगदी तसंच, फक्त इथं उभं राहणाऱ्याच्या अंगाला अत्तर असतं. पार्सल देत नाहीत. मला आधी वाटलं, इतक्या लांबून येऊन, दिवस-दिवस आधी नाव लिहून, वेळेवर उठायची अट मान्य करून कोण जेवत असेल? तर दोन आठवडे जागा नव्हती.

किशन वर्षभर म्हणत होता, बाबांना एकदा आण. मीही म्हणत होते. तुमच्या भावांचं उत्तर ठरलेलं, “मले काय करायचं हाय तिथं?” आणि तीन आठवड्यांपूर्वी एकाएकी म्हणतात, चल, येत्या चतुर्थीला जाऊ. मी देवापुढे साखर ठेवली. मग म्हणतात, पहिल्या पंगतीचं टेबल धर, दुसरीपर्यंत मले झोप येते. ठीक. मग म्हणतात, तुझा उपास असते, तुझ्याआधी मी घास घेणार नाही, तू जेवलीस की जेवतो. अक्का, इतक्या वर्षांच्या संसारात हे असं पहिल्यांदा ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी धनजहून कारंज्याच्या बसमध्ये बसेपर्यंत टिकलं.

बसमध्ये मी पर्समधून कॅलेंडरचं पान काढलं. (मी ते घडी करून नेते, मोबाइलवर माझा विश्वास नाही.) चंद्रोदय नऊ अडतीस. पंगत उठणार साडेनऊला. मी तुमच्या भावांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर तुरीच्या काड्यांचे ढीग पाहत होते, फार लक्ष देऊन. नंतर कळलं की त्यांनी आधीच हॉटेलात फोन करून पंगतीच्या वेळा बारकाईनं विचारून घेतल्या होत्या. म्हणजे आलो असंही होणार, खाल्लं असंही होणार नाही, आणि बोल लावायचा तर गणपतीला. मी ज्याच्यासाठी संकष्टी धरली तेच संकष्टीनं अडवलं, आणि अडवणाऱ्याच्या चेहऱ्यावर माशी हलेना. आठ मिनिटांसाठी व्रत मोडावं असं एकदा मनात आलं, लगेच कान धरून घेतले.

दारात एक मुलगी बसते, वैभवी नावाची, वही घेऊन नावं बघते. गोड पोर आहे. आधी पुस्तकातलं मराठी बोलली, “आपलं स्वागत आहे,” वगैरे. माझ्या पिशवीत नैवेद्याचे मोदक आणि अर्घ्याचा तांब्या होता, आणि भिंतीवर पाटी की बाहेरचे पदार्थ आणू नयेत. मी म्हटलं, बाई, हे माझे नाहीत, देवाचे आहेत, देवाला ही पाटी लागू आहे का ते विचार आत. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “जा काकू घेऊन. माहीबी चतुर्थीच हाय.”

गच्चीवर बसलो. टेबलावर दिवा इतका मिणमिणता की तांदळात खडा असला तरी तो दातालाच दिसावा. पण भरलेलं होतं सगळं, एक खुर्ची रिकामी नाही. जेवणाचं कार्ड आलं. ते मी उजेडाकडे तिरकं धरून वाचलं, कारण मला प्रत्येक पदार्थामागची हकीकत हवी होती. आणि अक्का, त्यात चौथ्या ओळीत मराठीत लिहिलं होतं, ‘पातोडीची (बेसनवड्यांची) रस्साभाजी, आत्याच्या रीतीची’. मी ते तुमच्या भावांपुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि कार्ड उपडं ठेवलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत किशन तुमच्या चुलीशेजारी पाटा धुऊन द्यायला बसायचा, ते वाया गेलं नाही.

शेजारच्या टेबलावर कोण असावं? बाबूसिंग. सोयाबीनचा व्यापारी, आपल्याच गावचा, जो पारावर भेटला की विचारतो, पोरानं आज किती भांडी घासली. सगळं कुटुंब घेऊन आला होता. आम्हाला पाहून म्हणाला, “काका, इथं कसे? पोराचे भांडे मोजाले आले का?” तुमच्या भावांच्या कपाळाची शीर उठली. आता उठून जातात की काय असं मला वाटलं, तेवढ्यात बाबूसिंगच्या टेबलावर तीच पातोडी आली. मग अक्का, मी दुसरं काही पाहिलंच नाही. तो माणूस बोलायचा थांबला. भाकरी संपली, रस्सा उरला, तर चमच्यानं प्यायला. बायकोच्या वाटीतलाही प्यायला. मग खुर्ची आमच्याकडे सरकवून, आवाज खाली आणून म्हणाला, “काका, दोन रविवार माघारी गेलो ना. जागाच नाही. तुमी किशनले एक शब्द टाकून द्याल का? पुढच्या महिन्यात व्याही येऊन राह्यले.”

तुमचे भाऊ खुर्चीत ताठ झाले. सरपंचाकडे अर्ज आल्यावर सरपंच जसा पाहतो तसं तळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पाहू.”

एवढा एकच शब्द. पण नंतर त्यांचं नाक हलायला लागलं. आजूबाजूला पाच-सहा टेबलांवर तोच रस्सा, खसखस आणि खोबरं भाजल्याचा तोच वास, आणि समोर लिंबूपाणी घेऊन उपाशी बसलेला माणूस. (उपास माझा होता, पण भूक त्यांना लागली होती.) मोबाइलमध्ये वेळ पाहायचे, माझ्याकडे पाहायचे. स्वतःच लावलेल्या कुलपाची किल्ली स्वतःच्याच खिशात होती, ती काढायला माणसाला जी लाज वाटते ती वाटत होती. वैभवी येऊन हळूच सांगून गेली की काकू, पंधराच मिनिटं राहिली, वाढून आणू का? मी मान हलवली. चंद्राशिवाय नाही.

तेव्हा तुमचे भाऊ बोलले, तळ्याकडे तोंड करून, जसं काही तळ्यालाच सांगत होते.

“तुह्या कॅलेंडरातला टाइम मुंबईचा हाय. आपल्याकडं चंद्र आधी निघते. पाव घंटा तरी.”

“तुमाले कसं माहीत?”

“वावरात रात्रीचं पाणी द्याले जातो तवा काय डोळे मिटून जातो?”

“मंग दोन वर्सात सांगतलं काहून नाही?”

“तू इचारलं काहून नाही?”

अक्का, म्हणजे आजवरची प्रत्येक संकष्टी मी पाव तास जास्त उपाशी राहिले. ते भांडण मी राखून ठेवलं, त्या वेळी तांब्या उचलला आणि कठड्याशी गेले. आणि खरंच, तळ्याच्या पलीकडे बाभळींच्या मागून तांबडा, कडेला चेपलेला, पण निघालेला होता. मी कुंडीत अर्घ्य सोडलं. मागे वळून पाहते तर चार-पाच बायका. कुणाच्या पर्समधून पळी निघाली, कुणाच्या रुमालातून दूर्वा. लिंबूपाणी पुढ्यात घेऊन बसलेल्या, अकोल्याच्या, मूर्तिजापूरच्या, सगळ्या मुंबईच्या चंद्राची वाट पाहत होत्या. वैभवीही वही काखेत धरून हात जोडून उभी. मोदक सगळ्यांना पुरले, बाबूसिंगलासुद्धा एक दिला.

मग ताट आलं. कांदा-लसूण न घातलेला रस्सा पोरानं माझ्यासाठी वेगळा केला होता. मी पहिला घास घेतला. तुमच्या भावांनी शब्द पाळला आणि दुसरा घेतला. किशन आतून आला, डोक्यावर ती उंच पांढरी टोपी, हात पुसत टेबलाशेजारी उभा राहिला, शाळेत निकालाच्या दिवशी राहायचा तसा. मी ताटात पाहत होते, वर पाहायची हिंमत नव्हती. तुमच्या भावांनी वाटी पुढे केली.

“अजून वाढ,” म्हणाले.

त्यानं वाढलं. दोन वर्षांत बापलेकांत झालेलं हे पहिलं बोलणं. दुसरी पंगत जिन्यात उभी होती, पण वैभवीनं त्यांना थोडा वेळ तळं दाखवलं.

बिल किशननं आम्हाला दाखवलंच नाही, त्यामुळे खर्चाच्या वहीत ते चैनीत मांडू की देवधर्मात हा प्रश्न सुटला. बसचं भाडं मी देवधर्मात लिहिलं आहे. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक भावजय,
ललिता

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तुमचे भाऊ जेवले, पण आता तुम्हाला भितात. “अक्काले काय सांगू?” म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. तुमचा शब्द त्यांना देवाच्या शब्दासारखा आहे, तेव्हा तुम्हीच एकदा काहीतरी निमित्तानं म्हणा की पोराच्या हातचं खात जा. मी लिहिलं हे मात्र कळू देऊ नका.

ता. क. २. किशन म्हणतो रस्सा जमतो, पण आत्याच्या हातची शेवटची चव येत नाही. तुम्ही वाटणात काय टाकता ते मला लग्न झाल्यापासून सांगितलेलं नाही, आताही सांगू नका. येऊन त्याच्या कानात सांगा.

ता. क. ३. पाकीट बंद करणार तोच वैभवीचा फोन आला. फाल्गुनातल्या चतुर्थीला पहिल्या पंगतीत तीन माणसांचं टेबल कुणीतरी धरलं आहे, नावं पुन्हा विचारायची होती. तिसरं नाव ‘प्रयागबाई, शिरपूर’ असं लिहून दिलेलं आहे. मी धरलेलं नाही. घाटे सोलता सोलता दारात जो माणूस हळू आवाजात फोनवर बोलत होता, त्यानं धरलं आहे. तेव्हा वरचं पहिलं ता. क. वाचलं नाही असं समजा आणि गुडघ्याला तेल लावायला लागा, कारण गच्चीला जिना आहे. येताना कॅलेंडर आणू नका. चंद्र आपल्याकडचाच धरला आहे.