फितूर बोका

सोमवार, ३
धाकट्या जावेनं माझा बोका फितवला, दुसरं काही नाही. बारा वर्षं माझ्या मशीनशेजारी, फळीवरच्या शिवलेल्या कपड्यांवर झोपला. आता आठ दिवस खालच्या मजल्यावर, तिच्या पायपुसण्यावर. मासळी दाखवत असणार. विचारलं तर म्हणे, काहीच घालत नाही. चोराच्या उलट्या बोंबा.

मंगळवार, ४
उचलून वर आणला. कमरेला हात लागला तर चावला. मलाच! फळी दाखवली. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली बसला. लाडानं वाया गेलाय. उद्यापासून शिस्त. दार बंद, जेवण फळीवर.

बुधवार, ५
ताटली फळीवर, बोका जमिनीवर. बघू कोण हरतं.

गुरुवार, ६
त्याचा मातीचा ट्रे सोडून गिऱ्हाइकाच्या पडद्यावर मुतला. मुद्दाम. धाकटी म्हणे ट्रेची कड उंच पडते. म्हटलं, बारा वर्षं नव्हती का उंच?
पडदा धुवायला खाली गेले. येताना जिन्यात मध्येच बसले. दम नव्हता लागला. विचार करत होते.

शुक्रवार, ७
धाकटी वर आली. म्हणे पाठीवर केसांच्या गाठी झाल्यात, मागं वळून चाटतच नाही. जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायचा, सशासारखा. "ताई, तो रुसला नाही. त्याला दुखतंय."
म्हटलं, दुखलं असतं तर ओरडला असता.
"तुम्ही ओरडता का?"
उद्धट आहे.

शनिवार, ८
गुरांचा डॉक्टर मांजरंही बघतो. मागचे सांधे झिजलेत म्हणाला. मांजरं दुखणं लपवतात. उडी सोडतात, कोपरा धरतात, हात लावला की चावतात. रोज औषध, बुटका ट्रे. जिना बंद.
फळीवरच्या ताटलीचं मी सांगितलं नाही. रिक्षात धाकटीनं कबूल केलं, मी कपडे पोचवायला गेले की गुपचूप भरवत होती. चोरी केलीन. बरं केलीन.
खुर्चीतून उठताना मी टेबल धरलं ते डॉक्टरनं बघितलं. बोलला असता तर ऐकवलं असतं.

रविवार, ९
बोका खालीच. फळी मोकळी. दोन वेळा धागा ओवला, शिवलं काही नाही.
संध्याकाळी धाकटीला सांगून आले: तुझी मागची खोली, मोडक्या सायकली ठेवल्यास ती. टेपनं मोजली, मशीन मावते, खाटही मावते. बोक्याला माणूस जवळ लागतं. माझ्या गुडघ्यांचा संबंध नाही. हसू नकोस. देतेस की नाही, बुधवारपर्यंत सांग.