काळ्या डब्यातली काच

३ फेब्रुवारी, सोमवार

एकशे बारा काचा! साबण, पाणी, स्पिरिट, पुन्हा पाणी. बोटांना आता माझाच वास येत नाही. ताई संशोधन करते, मी तिच्या काचा धुते. त्यांवर ती झिंक ऑक्साइडचा थर चढवते. थरावर दांड्यांचं रान उगवतं म्हणे, एकेक दांडी केसाच्या हजाराव्या भागाइतकी! मला काही दिसत नाही. काच ती काचच.

आईचा फोन. ‘‘या वेळी किती दिवसांचा मुक्काम?’’ बेकरी पाच आठवडे, छापखाना अकरा दिवस, बोटीवरचं विचारूच नका. म्हटलं, ताईची काच पास होईपर्यंत हलणार नाही. ‘‘बरं,’’ म्हणाली. त्या ‘बरं’चा राग आलाय. आता तर नाहीच हलणार!

६ फेब्रुवारी

दिसतं! तयार काच रात्रभर काळ्या पत्र्याच्या डब्यात असते. मी आठला येते, ताई दहाला. डबा उघडून खिडकीपाशी धरला, काच तिरकी दिसली की जांभळा, हिरवा, पुन्हा जांभळा. पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखा. आता रोज बघणार. ‘‘हात लावू नकोस,’’ ताई म्हणालीये. हात कुठे लावते? बघते फक्त.

तिचं मोजमाप मात्र आज फसलं. अंधारात प्रवाह जवळपास शून्य हवा. अतिनील दिवा लावला की उसळायला हवा. तसं झालं तर अशा दिव्यांची गळती ओळखणारं यंत्र होईल. इथे प्रवाह आधीच वर चढून बसलेला. ताई, म्हणजे आमची हेडमास्तरीण, दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

७ फेब्रुवारी

आज जरा जास्तच वेळ बघितलं. मध्ये गुलाबीही आहे.

११ फेब्रुवारी

उठायलाच उशीर. धावत पोचले तर ताई आधीच आलेली, आणि— आलं!! चार नंबरची काच. शून्य, दिवा, उसळी! ताई ओरडली, मीही ओरडले. उशिराबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

१२ फेब्रुवारी

तीच काच, तोच दिवा. प्रवाह पुन्हा आधीच वर. ‘‘काल मी काय वेगळं केलं?’’ ताई भिंतीला विचारत होती. अठ्ठावीसपर्यंत तिच्या मार्गदर्शक सरांना एकच निकाल लागोपाठ तीन दिवस दाखवायचाय, नाहीतर प्रयोगशाळेतलं टेबल दुसऱ्याला. म्हणजे ताईची चार वर्षं पाण्यात.

१४ फेब्रुवारी

समोरच्या दुकानात जुना अकॉर्डियन आलाय. तासभर तिथेच. परत येऊन चाळीस काचा. एकही डाग नाही.

१८ फेब्रुवारी

ताईने कृतीच बदलली. द्रावणात किंचित ॲल्युमिनियम घातलं. काच डब्यात ठेवताना विचारलं, ‘‘काळाच डबा का?’’

‘‘हिला उजेड दिसला ना, की तासन्‌तास विसरत नाही. प्रवाह वरच राहतो.’’

‘‘किती उजेड?’’

‘‘जरासाही पुरे.’’

अकराला मी उशिरा आले होते. अकराला मी डबा उघडला नव्हता.

१९ फेब्रुवारी

डबा उघडला नाही. पाठ करून बसले.

आलं. शून्य, उसळी! ताईने मला उचललंच जवळजवळ. ‘‘ॲल्युमिनियमने केलं!’’ मी बिस्किटं खाल्ली.

२० फेब्रुवारी

पुन्हा आलं. ताई प्रबंधाचा भाग लिहायला बसली: ॲल्युमिनियममुळे काय सुधारलं. तीन पानं झाली. खोटं ती लिहितेय आणि तिला माहीत नाही. मला माहीत आहे. गप्प बसले तर सगळे खूश!

घरी येऊन बॅग भरली. मग रिकामी केली. पळायचं नाही. या वेळी नाही.

२१ फेब्रुवारी

सांगितलं.

‘‘ताई, तो डबा मी उघडायचे.’’

‘‘कधी?’’

‘‘रोज सकाळी. परवापासून नाही.’’

‘‘कशाला?’’

‘‘रंग बघायला.’’

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘हात लावू नकोस म्हटलं होतं.’’

‘‘हात नाही लावला...’’

‘‘तोंड वर करून सांगतेस?’’ मग तिसरं पान टराटरा फाडलं. दुसरं. पहिलं. ‘‘उद्या येऊ नकोस.’’

२२ फेब्रुवारी

गेले. काचा कोण धुणार? ताईने एकदा पाहिलं. जुन्या काचा एकेक करून डब्यात घालत होती. मी काचा धुतल्या. तिने हाकललं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चार, पाच, सात, नऊ. काल दिवसभर अंधारात होत्या. ॲल्युमिनियम नसलेल्या, जुन्याच कृतीच्या. सगळ्या पास! जुनी कृती पहिल्यापासून बरोबर होती. हातात चार दिवस, पुरतील.

‘‘आता सरांना पटवायचं म्हणजे तारखा हव्यात,’’ ताई म्हणाली. ‘‘डबा कधी उघडलास, कधी नाही. आठवतं?’’

‘‘लिहिलंय.’’

‘‘कुठे?’’

काय अवदसा आठवली! खरं तेच सांगितलं. ही वही उद्या तिच्या टेबलावर, तिच्या नोंदींशेजारी. सहा तारखेचं पान फाडावं म्हटलं, हेडमास्तरीणवालं. नको. डबा पहिल्यांदा उघडल्याची नोंदही त्याच पानावर आहे.

ताई, सॉरी.