एप्रिलची दरवाढ

क्लाइव्ह,

मी चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला चाललेय. सूप गॅसवर आहे, गरम करून घे.

आज दुकानातून माझ्यासाठी ते दर न वाढणारं सिम आणू नकोस. "मुलाचे उपकार कशाला?" म्हणतोस, पण माझ्या मोबाइलचं बिल गॅव्हिनलाच भरू दे. करार दोन वर्षांचा आणि दर एप्रिलला मध्येच पैसे वाढवायचे, ही लबाडीच आहे, मान्य. पण वाढीव बिल हातात पडलं की तो चिडून मला फोन करतो. "आई, लुटारू आहेत गं हे!" म्हणतो. मग कंपनीला शिव्या घालता घालता त्याच्या मुलींचं सांगतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. तुम्हा दोघांचं वाजल्यापासून वर्षातून तेवढाच एक फोन येतो रे त्याचा.

गेल्या वर्षी फोन ठेवताना हळूच म्हणाला, "बाबा आहेत का जवळ?" तू तेव्हा मागच्या शेडमध्ये जाऊन बसला होतास.

उद्या एप्रिल लागतोय. शेडला मी कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

मॉरीन