सुपरनोव्हा वगळून

४ ऑगस्ट २०२५
सर आज थेटच म्हणाले — "अमरीन, सुपरनोव्हा वगळ."
वगळ! पाच वर्षांची पीएचडी! माझं मॉडेल म्हणतं, कृष्णऊर्जा आणि कृष्णपदार्थ यांच्यात देवाणघेवाण चालते. ती किती, हे सांगणारा एकच आकडा. विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश आणि दीर्घिकांची निरीक्षणं घेतली की आकडा शून्यापासून लांब राहतो. सर खूश. सुपरनोव्हाही — ते फुटणारे तारे — धरले की शून्यावर येऊन बसतो. म्हणजे देवाणघेवाण दिसतच नाही.
"सुपरनोव्हांच्या मोजणीत अजून वाद आहेत."
"मग निकाल बघायच्या आधी का नाही वगळले?"
सरांनी लॅपटॉप मिटला. "घरी जाऊन ये. विचार कर."

७ ऑगस्ट
जुन्नर. अम्मीने बॅग उघडली. "एवढे कपडे? किती दिवस आहेस?"
सगळे कपाटात लावले.

१९ ऑगस्ट
अब्बांच्या चपलांच्या दुकानात बसले होते. आणे गावचं एक गिऱ्हाईक — "राजूभाई, पोरगी काय शोधत व्हती म्हणं पुण्यात?"
"अंधार," अब्बा म्हणाले.
"मंग, घावला का?"
"न्हाई राव."
दोघं हसले. मीही हसले. मग खोक्यांच्या मागे जाऊन रडले. अब्बांचा राग नाही. त्यांचं उत्तर बरोबर होतं! 'नाही सापडला' — एवढंच तर छापायचं होतं मला.

२ सप्टेंबर
पेपर इंटरनेटवर आला. लेखक — सर आणि आरती. सुपरनोव्हा नाहीत. आलेख माझे, रंगसुद्धा माझेच. मी कुठे? आभारात — 'उपयुक्त चर्चेबद्दल'.
आरती, पारगावची. हॉस्टेलला माझ्याच खोलीत. आकडा काढणारा माझा प्रोग्राम तिला ओळ न् ओळ मी शिकवला.
फोन केला. "माझी फेलोशिप संपतीय, तुला काय माहीत नाय का? आन् तू तर सोडूनच गेलीस ना!"
सोडून गेले!!

५ सप्टेंबर
काही नाही. डोकं दुखतंय.

२१ सप्टेंबर
एका जर्नलचा मेल. 'हा पेपर तपासून द्याल का?' शीर्षक वाचलं — तोच! संपादकाला काहीच माहीत नाही. तपासणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. चिंध्या करता येतील. दोघांच्याही. वाक्यं मनात तयारच आहेत. उद्या लिहिते.

२२ सप्टेंबर
नकार कळवला. कारण विचारलं होतं. लिहिलं — यातला प्रोग्राम माझा आहे, सुपरनोव्हा धरून आलेला पूर्ण निकाल सोबत जोडलाय. खाली नाव, गाव, सगळं. सरांना कळेलच.