मास्तर आडवा बसला

९ मार्च

चि. धाकटीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. कुत्र्याचा पट्टा, वाटी, घोंगडी सगळं आठवणीनं ठेवून गेलीस. पत्र तेवढं विसरलीस. त्याला एकदा सांगितलेलं लक्षात राहतं. तू कुणावर गेलीस, देव जाणे.

आंधळ्यांना रस्ता दाखवायला तू शिकवलेला हा विद्यार्थी सुट्टीतसुद्धा शिस्त सोडत नाही. मी त्याला मास्तर म्हणते. काल संध्याकाळी आम्ही दोघं बागेजवळच्या चहावाल्याकडे गेलो. मी बाकावर, मास्तर बाकाखाली. शेजारच्या बाईंच्या हातून बिस्किट पडलं, ते थेट त्याच्या नाकापुढे. त्यानं मानसुद्धा हलवली नाही. तुझे आजोबा असे असते तर माझा संसार सोन्याचा झाला असता. पायावर त्याची उबदार हनुवटी, हातात गरम कप, छान वारा. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. अंधार पडायच्या आत घर गाठायची सारखी घाई.

येताना मात्र स्वारी बिघडली. कोपऱ्यावर एकाएकी माझ्या पायांत आडवा बसला. चल म्हटलं, ओढलं, रागावले, ढिम्म. शेवटी त्याच्यावरच पडले. बागेच्या रखवालदारानं घरी पोचवलं. गुडघ्याची पट्टी पाहून तुझ्या बापानं उलटतपासणी घेतली. सगळा दोष मास्तरचा, असं सांगून टाकलं. नाहीतर तो म्हणणार, तुझे डोळे गेले, घराला कुलूप लाव आणि आठव्या मजल्यावर माझ्याकडे चल. माझे डोळे ठणठणीत आहेत.

हे खालची शिंपीण लिहिते आहे. तिरकं वाटलं तर ते अक्षर समज, बोलणं नव्हे. लोभ धर, आणि धरलेला सोडू नकोस.

तुझी आजी

१२ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आल्यापासून हातातलं काम हातातच राहतंय. बाबांनी इथं आमच्या प्रशिक्षण केंद्रात फोन करून कुत्र्यानं आजीला पाडलं म्हणून सांगितलं. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, रस्त्यात कारण नसताना आडवा बसणारा कुत्रा अंध माणसाच्या हाती देता येत नाही. येत्या सोमवारी यादीतून त्याचं नाव काढून टाकतील. खुर्च्या विणणारे एक गृहस्थ वर्षभर त्याची वाट पाहताहेत. त्यांना काय सांगू?

पण आजी, पुढे धोका असला तर 'चल' म्हटलं तरी हलायचं नाही, हेही मीच त्याला शिकवलंय. तिथं पुढे काही होतं का? खरं सांग. मी रागावणार नाही. लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त लागेल.

तुझी धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. वि. वि. होता. खड्डा होता. नळासाठी खणलेला, माझ्याहून खोल. रखवालदारानं बोट दाखवलं तरी मला दिसला नाही. काठी घालून पाहिली, ती तळाला टेकेना. हे सांगितल्यावर शिंपिणीनं लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे नुसती बघत बसली. तिला म्हटलं, बघतेस काय, लिही.

पडल्यापासून रात्री डोळ्याला डोळा नाही. उठते, दार उघडते, लावते. मास्तर माझ्या मागं फिरतो आणि मी बसले की बसतो. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, कुणाच्या नावावर काय खपवलं ते. माझं घर राहावं म्हणून त्याची नोकरी घालवणं मला पचायचं नाही. तोंड आहे म्हणून मी काहीही बोलावं, आणि त्याला नाही म्हणून त्यानं भोगावं?

हे पत्र तुझ्या बाईंना वाचून दाखव. मग बापालाही दाखव. दोनदा रडगाणं गायला मी मोकळी नाही. त्याला म्हणावं, कुलूप आणण्याआधी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. तिथं जे ठरेल ते मी ऐकेन. कुरकुर करीन, पण ऐकेन. खुर्च्यावाल्यांना कळव, तुमचा माणूस येतोय. लोभ अर्धा त्यांनाही दे.

आणि हो, आता डोळ्यांचं कळलं की घरातला जो तो गाजरं पाठवील. तू पाठवू नकोस. तू खारे दाणे पाठव, मीठ चांगलं लावलेले.

तुझी आजी